जर्मनीत नोटीस देण्याआधीची तयारी: कागद, पेन, सही

पुण्यात बसून जर्मनीतल्या ऑफिसचं एचआर बघणाऱ्यांसाठी हे लिहितेय, कारण तिथल्या एका मुलाला नोकरीवरून काढायची नोटीस देताना माझ्या हातून हे पार चुकलंय, कंपनीला भुर्दंड बसला आणि तो मुलगाही कित्येक आठवडे अधांतरी लटकला, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सगळ्यात आधी रुजू झाल्याची तारीख काढा. सहा महिने झालेत का, आणि जर्मनीतल्या जर्मनीत माणसं १० पेक्षा जास्त आहेत का? पुण्यातली धरायची नाहीत, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करणारा अर्धा धरायचा. दोन्हीचं उत्तर हो असेल तर नोकरी-संरक्षणाचा कायदा लागू होतो आणि मग कारण द्यावं लागतं, म्हणजे वागणूक, किंवा आजारपणासारखं त्या व्यक्तीशी निगडित काही, किंवा कामच उरलेलं नाही. "काम समाधानकारक नाही" एवढ्यावर भागत नाही, तिथे आधी ताकीद दिलेली लागते, तिला आबमानुंग म्हणतात, ती फाईलला आहे का बघा. कॉन्ट्रॅक्ट, पगाराच्या स्लिपा, शिल्लक रजा, हे काढालच.

आता कागद. नोटीस कागदावर लागते आणि त्यावर हाताने पेनने केलेली सही लागते. ईमेल चालत नाही, व्हॉट्सअॅप नाही, स्कॅन करून पाठवलेला पीडीएफ नाही, डिजिटल सही तर नाहीच, जर्मन नागरी संहितेच्या कलम ६२३ मध्ये हे सरळ लिहिलंय. मी काय केलं, तर मुलगा १ सप्टेंबरला लागलेला, प्रोबेशन फेब्रुवारीअखेर संपणार, मी २० फेब्रुवारीला डायरेक्टर साहेबांची सही घेतली, स्कॅन केलं, मेल केला आणि काम झालं म्हणून निवांत बसले. मार्चमध्ये त्याच्या वकिलाचं पत्र आलं की नोटीस दिलेलीच नाही, पगार चालू ठेवा. आणि बरोबरच होतं त्याचं. तोवर सहा महिने उलटले होते, म्हणजे जे काम दोन आठवड्यांच्या नोटिशीवर, कारण न देता झालं असतं, त्याला आता कोर्टात टिकेल असं कारण हवं होतं आणि ते आमच्याकडे नव्हतं. चार महिन्यांचा पगार देऊन मिटवलं.

म्हणून सही कोण करणार ते आधी ठरवा. साहेब पुण्यात असतील तर मूळ कागद कुरिअरने जायला दिवस लागतात, ते उलटे मोजा. तिथलं कोणी सही करणार असेल तर त्याच्या नावाचं अधिकारपत्र मूळ प्रतीत नोटिशीसोबत जोडा, नाहीतर समोरचा लगेच नोटीस परत करू शकतो. निळ्या पेनने करा, म्हणजे झेरॉक्स नाही हे दिसतं. राजीखुशीने नोकरी संपवण्याचा करार असेल तरी तसंच, कागद आणि सही. मुदतीचं कॉन्ट्रॅक्टसुद्धा कामाच्या पहिल्या दिवसाआधी दोघांच्या पेनच्या सहीने व्हायला हवं, नाहीतर ते कायमचं होऊन बसतं.

बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांची निवडून आलेली समिती, आहे का विचारा. पाच माणसांच्या ऑफिसातही असू शकते. असेल तर नोटिशीआधी त्यांना कारणासकट कळवायचं आणि एक आठवडा थांबायचं, प्रोबेशनमधल्या माणसासाठीसुद्धा. हे राहिलं तर नोटीस रद्द, मग सही कितीही ओली असो. गरोदर बाई किंवा गंभीर अपंगत्व असलेली व्यक्ती असेल तर इथेच थांबा, वकील गाठा, तिथे सरकारी परवानगीचा प्रश्न येतो.

पोचवणं: घरी पोचवायचं असेल तर माणूस पाठवा, ज्याने पाकिटात काय घातलं ते बघितलंय, आणि त्याने घराच्या टपालपेटीत टाकल्याची वेळ लिहून ठेवावी. हातात द्यायचं रजिस्टर पोस्ट नको, घरी कोणी नसलं की नुसती चिठ्ठी पडते, पाकीट पोस्टातच राहतं आणि नोटीस पोचली असं धरत नाहीत.

मग तीन आठवडे. तेवढ्यात काढलेला माणूस लेबर कोर्टात जाऊ शकतो, पण घड्याळ पोचल्यापासून चालू होतं, तेही कागद पोचल्यापासून, मेलपासून नाही. पहिली तारीख समझोत्याची असते, बोलणी साधारण नोकरीच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याच्या पगारापासून सुरू होतात, आणि पहिल्या कोर्टात जिंकलात तरी वकिलाचा खर्च ज्याचा त्याने, तो बजेटमध्ये धरा.

फ्रान्स असेल तर आधी भेटीचं पत्र, मग पूर्ण पाच कामाचे दिवस, मग भेट, मग निदान दोन कामाचे दिवस थांबून नोटीस. स्पेनमध्ये कामगाराला दाव्यासाठी २० कामाचे दिवस. नेदरलँड्समध्ये प्रोबेशननंतर सरकारी संस्थेची किंवा कोर्टाची मंजुरी, नाहीतर आपसात करार, आणि करारावर सही झाली तरी १४ दिवसांत माणूस माघार घेऊ शकतो.