बदल केलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत कशी ठरवावी

जुन्या रिव्हॉल्व्हरवर मालकाने हौसेने केलेला खर्च विकताना सहसा परत मिळत नाही, हे आधीच पक्कं धरावं. अमेरिकेतल्या जुन्या शस्त्रांच्या बाजारात विक्रेता ‘नवीन निकेल, नवीन मूठ, नळी कापून आटोपशीर केलीय’ असं कौतुकाने सांगतो, तेव्हा ऐकणारा संग्राहक मनातल्या मनात भाव पाडत असतो. बदलाला किती लागले हे विचारू नका. बदलानंतर मूळचं काय उरलं ते पाहा.

उदाहरणाला स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचं ‘व्हिक्टरी मॉडेल’ घेऊ. दुसऱ्या महायुद्धात या घडणीची पाच लाखांहून जास्त रिव्हॉल्व्हर ब्रिटन आणि राष्ट्रकुलाच्या सैन्यांना गेली. युद्धानंतर त्यांतली पुष्कळ अमेरिकेत स्वस्तात विकली गेली, आणि एवढी कापाकापी फार थोड्या शस्त्रांच्या वाट्याला आली असेल.

हातात घेतल्याबरोबर सिलिंडर उघडून काडतुसांची सगळी घरं रिकामी आहेत ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. विक्रेत्याने आत्ताच दाखवलं असलं तरी पुन्हा पाहा.

पहिली पायरी : मूळ रूप माहीत करून घ्या. व्हिक्टरीवर कारखान्याने कोरलेल्या नंबराआधी ‘व्ही’ हे अक्षर असतं. ब्रिटनला गेलेली बहुतेक पाच इंची नळीची, .३८ एस अँड डब्ल्यू काडतुसाची; अमेरिकी सैन्याची बहुतेक चार इंची, .३८ स्पेशलची. फिनिश मंद, चकाकी नसलेलं. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, गुळगुळीत. मुठीच्या तळाशी दोरी अडकवायची कडी. नंबर मुठीच्या तळाशी, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या बाजूला असतो. मुठीची उजवी फळी काढली तर बऱ्याचदा तिच्या आतही सापडतो. हे सगळे नंबर जुळले तर निम्मं काम झालं.

दुसरी पायरी : बदल शोधा. इथे घाई नको. नळी कापली असेल तर तिच्यावरचा कंपनीचा मजकूर मध्यावर न राहता टोकाकडे सरकलेला दिसतो. नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेली मूळची अर्धगोल माशी नळीच्याच पोलादात घडवलेली असते. कापलेल्या नळीवर ती डाख देऊन बसवतात आणि सांधा भिंगाखाली उघडा पडतो. नळीखाली इजेक्टर रॉडचं, म्हणजे टरफलं बाहेर ढकलणाऱ्या दांडीचं, टोक अडकवणारा उंचवटा असतो. नळी दोन इंचांवर आणताना तो कापला गेला की सिलिंडर पुढून धरणारं काहीच उरत नाही. कारखान्यातून दोन इंची निघालेल्या नगाला आखूड रॉड आणि उंचवटा दोन्ही असतात.

सगळ्यात महत्त्वाचा बदल मात्र वरून दिसत नाही. ब्रिटिश नगांची घरं खोल करून त्यांत लांब .३८ स्पेशल काडतूस बसेल अशी सोय पुष्कळांनी केली. पण मूळचं .३८ एस अँड डब्ल्यू काडतूस आखूड असलं तरी स्पेशलपेक्षा सुमारे सात हजारांश इंचाने जास्त जाड असतं. त्यामुळे खोल केलेल्या घरात स्पेशलचं टरफल मागच्या बाजूला सैल बसतं आणि झाडल्यावर फुगतं, कधी चिरतं. नळीही थोड्या जाड गोळीसाठी असल्याने नेम बिघडतो. झाडलेलं टरफल मागून घेऊन पाहा. बुडाशी फुगवटा असेल तर दुसरा पुरावा नको.

तिसरी पायरी : परत फिरवता येणारे आणि न येणारे बदल वेगळे करा. मूठ, चाप, स्प्रिंग बदलता येतात. कापलेली नळी, खोल केलेली घरं, घासून पुसट झालेले शिक्के परत येत नाहीत. निकेलचा मुलामाही याच खात्यात टाका, कारण त्याआधी पॉलिश करताना कडा गोल होतात आणि अक्षरांच्या रेघा पसरतात.

सगळेच बदल दोष नसतात. १९४४ च्या अखेरीस, पडून गोळी सुटल्याच्या अपघातानंतर, कंपनीने घोडा अडवणारी नवी पट्टी बसवली आणि नंबराला ‘एसव्ही’ हा उपसर्ग आला. त्याने किंमत कमी होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या किंग गन साइट कंपनीने बसवलेल्या माशा, किंवा कोल्ट या दुसऱ्या बंदूक कंपनीचे जे. एच. फिट्झजेराल्ड यांनी चापाच्या कड्याची पुढची बाजू कापून केलेली ‘फिट्झ स्पेशल’, यांना तर मूळ नगापेक्षा जास्त भाव मिळतो. अट एकच : कागद हवा. स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन आणि कोल्टचा अभिलेख विभाग शुल्क घेऊन नंबरावरून पत्र देतात. पत्र नसेल तर ‘फिट्झ’ ही फक्त कुणीतरी कापलेली कोल्ट समजा.

चौथी पायरी : चालतं का. घोडा हळू ओढा. तो पूर्ण मागे यायच्या आत सिलिंडर अडकला पाहिजे. सिलिंडर पुढेमागे हलतो का, स्क्रूच्या खाचा खाल्ल्या आहेत का, नळीत गंजाचे खड्डे आहेत का, एवढं पुरे.

कायदाही किमतीचाच भाग आहे. पन्नास वर्षं जुनं शस्त्र अमेरिकेत संग्रहणीय म्हणून सवलतीत बसतं, पण मूळ रूप फार बदललं असेल तर ती सवलत धोक्यात येते. एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक घ्यायला संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा मुख्य अपवाद. भारतात परवान्याविना नळी आखूड करणं हाच १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली गुन्हा आहे.

शेवटी भाव. मागितलेले आकडे सोडा, लिलावात प्रत्यक्ष विकले गेलेले पाहा. न फिरवता येणारा बदल असेल तर संग्राहकाचा भाव विसरा आणि त्याच कॅलिबरच्या साध्या, चालत्या, जुन्या रिव्हॉल्व्हरचा भाव कमाल मर्यादा धरा. घरं खोल केलेली असतील तर त्याहूनही खाली या. बदल फिरवता येण्यासारखा असेल तर मूळ भाग मिळवायचा खर्च वजा करा. आणि निघण्याआधी जुनी मूठ डब्यात पडली आहे का, हे नक्की विचारा. आतला नंबर जुळला तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही.