घरी शॉटगनची काडतुसं भरायला बसताय? या चुका टाळा

अमेरिकेत ट्रॅप किंवा स्कीटची, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर शॉटगनने नेम धरायच्या खेळांची, गोडी लागली की एक विचार हमखास डोक्यात येतो. क्लबच्या पिंपात टाकून दिलेल्या रिकाम्या पुंगळ्या घरी आणून पुन्हा भरल्या तर? विचार चांगला आहे. मेकचं ६०० ज्युनिअर किंवा लीचं लोड-ऑल यांसारखं साधं सिंगल-स्टेज (एका वेळी एकच काडतूस भरणारं) मशीन टेबलाला घट्ट बोल्ट केलं की काम सुरू करता येतं. पण यात होणाऱ्या चुका बंदुकीच्या नळीत जाऊन उघड होतात आणि तेव्हा तुमचा हात त्या नळीखाली असतो. म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याने हे आधीच वाचून ठेवावं.

पहिली चूक मशीन घ्यायच्याही आधीची आहे. कायदा न पाहता खरेदी करायची. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. बंदूक बाळगायचा परवाना आहे म्हणून घरी काडतुसं भरता येतील, असं समजू नका. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. मात्र एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगायलाही बंदी आहे. वैध शिकार लायसन्स हा त्यातला एक अपवाद. आपल्या मंडळींपैकी अनेकजण याच व्हिसावर असतात, तेव्हा मित्राच्या सांगण्यावर न जाता वकिलाला विचारा. राज्याचे नियम वेगळे, तेही पाहा.

रेसिपीत अदलाबदल

ही सगळ्यात सर्रास होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. शॉटगनच्या रेसिपीत पाच गोष्टी असतात: पुंगळी, प्रायमर (तळाशी बसणारी, ठिणगी पाडणारी टोपी), बंदुकीची दारू, वॅड (दारू आणि छऱ्यांच्या मधला प्लास्टिकचा बूच) आणि छऱ्यांचं वजन. हॉजडन, अलायंट यांसारख्या दारू विकणाऱ्या कंपन्या या पाचही गोष्टी नावानिशी लिहून, बार उडताना आत तयार होणारा दाब मोजून तक्ते देतात. रायफलच्या काडतुसात थोड्या दारूने सुरुवात करून हळूहळू वर जायची पद्धत आहे. इथे ती चालत नाही. तक्त्यात जे लिहिलंय तेच आणि तेवढंच.

होतं असं, की वॅड संपतात, दुकानात तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या मिळतात आणि माणूस म्हणतो, काय फरक पडतोय. किंवा प्रायमर मिळत नाहीत म्हणून हाताशी आहेत ते लावतो. शॉटगनच्या प्रायमरवर लिहिलेला २०९ हा नुसता आकार आहे, त्यात कंपनीनुसार तेजपणा बदलतो. फेडरलचा २०९ए तेज म्हणूनच ओळखला जातो. सौम्य प्रायमरसाठी लिहिलेल्या रेसिपीत तो बसवला की दाब चढतो, बाकी काहीही न बदलता. पावणेतीन इंची १२ गेजसाठी (गेज म्हणजे नळीच्या जाडीचं माप) दाबाची मान्य मर्यादा ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. ती ओलांडली हे पुंगळीकडे किंवा प्रायमरकडे पाहून खात्रीने कळत नाही. घरी दाब मोजायचं साधन नसतं. म्हणून ‘मी शंभर झाडली, काही झालं नाही’ या म्हणण्याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही.

दारूच्या नावांतही घोटाळा होतो. हॉजडनच्या क्लेज, इंटरनॅशनल आणि युनिव्हर्सल या तीन वेगळ्या दारू आहेत, जळण्याचा वेग तिघींचा वेगळा. इंटरनॅशनल आणि युनिव्हर्सल यांच्या नावातही ‘क्लेज’ हा शब्द असायचा, त्यामुळे जुना तक्ता वाचताना दोनदा पाहा. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा. काम संपलं की मशीनच्या बाटलीतली दारू लगेच मूळ डब्यात परत. रात्रभर तशीच राहिली आणि सकाळी ती कोणती हे आठवेना, तर ती वापरायची नाही. रंगावरून ओळखायचा प्रयत्नही करू नका.

ड्रॅम, ग्रेन, ग्रॅम

विकतच्या खोक्यावर ‘३ ड्रॅम’ असं छापलेलं असतं. ते आतल्या दारूचं वजन नव्हे. काळ्या दारूच्या जमान्यात इतक्या ड्रॅमने छरे ज्या वेगाने जायचे, तितका वेग हे काडतूस देतं, एवढाच त्याचा अर्थ. ३ ड्रॅम म्हणजे सुमारे ८२ ग्रेन. टार्गेटच्या काडतुसात आजची धूरहीन दारू साधारण १६ ते २० ग्रेन असते. म्हणजे तो आकडा वजन समजून कोणी धूरहीन दारू भरू लागला, तर चौपट-पाचपट. तो आकडा भरताना पूर्णपणे विसरा.

आपण ग्रॅममध्ये वाढलेले, म्हणून आणखी एक इशारा. तक्ते ग्रेनमध्ये असतात आणि १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. डिजिटल काटा बटणाच्या एका दाबाने एकक बदलतो. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एकक बघा आणि प्रमाणित वजन ठेवून काटा तपासा.

बुशिंगच्या तक्त्यावर विसंबणं

मेकच्या मशीनमध्ये दारूचं माप बुशिंगच्या, म्हणजे आत बसवायच्या छोट्या धातूच्या नळकांड्याच्या, भोकावर ठरतं. कोणत्या बुशिंगला किती ग्रेन, याचा तक्ता सोबत येतो. तो अंदाज आहे. दारूचा लॉट, हवेतला दमटपणा, टेबल किती हलतं, तुम्ही दांडी किती जोरात ओढता, सगळ्याने माप बदलतं. पहिली काही मापं न तोलता डब्यात परत ओता, मग सलग दहा मापं तोला. तोलताना दांडी तशीच ओढा जशी प्रत्यक्ष भरताना ओढणार आहात. हळुवार ओढून तोललं आणि नंतर दणादण भरलं, तर तोललेला आकडा खोटा.

काटा नसेल तर काटा येईपर्यंत थांबा. मशीनवर खर्च करून काट्यावर वाचवणारे लोक मला अजिबात समजत नाहीत.

उचलली पुंगळी, लावली मशीनला

विंचेस्टर एए आणि रेमिंग्टन एसटीएस यांची आतली भिंत तळाकडे निमुळती, फेडरल गोल्ड मेडलची सरळ. एकीतली वॅड दुसरीत नीट बसत नाही, म्हणून कंपनीनुसार ढीग वेगळे करा. मग प्रत्येक पुंगळी हातात घ्या: तोंडाला चीर, पितळेच्या लगेच वर बारीक भोक किंवा जळका डाग, आत तळाची वॅड सैल. यातलं काही दिसलं की कचऱ्यात. स्वस्त काडतुसांचं ‘पितळ’ बऱ्याचदा मुलामा दिलेलं लोखंड असतं, चुंबक लावा, चिकटेल. ते साइझ केल्यावर, म्हणजे मशीनमध्ये दाबून मूळ मापावर आणल्यावर, थोडं परत फुगतं आणि मग बंदुकीत अडकतं.

क्रिम्प

क्रिम्प म्हणजे पुंगळीचं तोंड घड्या घालून बंद करणं. चांगला क्रिम्प उकडीच्या मोदकासारखा: सगळ्या कळ्या मधोमध एकाच बिंदूत मिळालेल्या, फक्त टोक वर येण्याऐवजी पृष्ठभाग सपाट आणि कडेपासून सुमारे दीड मिलिमीटर खाली. मध्ये भोक राहिलं तर नऊ नंबरचे छरे (व्यास ०.०८ इंच) खिशातच गळायला लागतात. मधला भाग वाटीसारखा खचला, तर आतला माल कमी उंचीचा. कळ्या गोल पिळल्यासारख्या फिरल्या, तर क्रिम्पच्या आधी घड्या पाडणारा स्टार्टर बहुधा जास्त जोरात दाबतोय. आठ कळ्यांच्या पुंगळीला सहा कळ्यांचा स्टार्टर लावला तर काहीच जुळणार नाही.

इथे मोह होतो तो दारू किंवा छरे कमी-जास्त करून क्रिम्प सुधारायचा. तसं करू नका. आधी मशीनचा डाय (क्रिम्प दाबणारा साचा) थोडा थोडा फिरवा. तरी जमत नसेल, तर त्याच पुंगळीची दुसरी छापील रेसिपी निवडा. क्रिम्प गरजेपेक्षा खोल गेला तरी बाराचा दाब वाढतो, हेही लक्षात असू द्या.

साठवण आणि हात

प्रायमर मूळ खोक्यातच ठेवा, काचेच्या बरणीत एकत्र ओतून कधीच नाही. एक उडाला तर सगळे उडतात. अमेरिकेतल्या एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा मानकानुसार घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत धूरहीन दारू आणि १०,००० पर्यंत प्रायमर ठेवता येतात. शहराचा नियम त्याहून कडक असू शकतो. छरे शिशाचे असतात. टेबलावर चहा नको, मुलांना तिथे खेळू देऊ नका आणि उठल्यावर साबणाने हात धुवा.

पैसे वाचतील म्हणून सुरुवात करणार असाल, तर थोडा हिशेब. छऱ्यांच्या २५ पौंडी पोत्यात ४०० औंस, म्हणजे एक औंसाची ४०० काडतुसं. १२ गेजची विकतची काडतुसं स्वस्त असल्याने बचत फार नसते. २८ गेज आणि .४१० मध्ये ती खरोखर जाणवते.

फुसका बार

नव्या मापाची पहिली काडतुसं मोजकीच भरा, खोक्यावर पूर्ण रेसिपी आणि तारीख लिहा आणि ती रेंजवर सावकाश झाडा. आवाज दबका आला, धक्का लागलाच नाही, छरे पुढ्यात पडले, तर दारू कमी पडली किंवा पडलीच नाही. अशा वेळी वॅड नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरा बार काढला तर नळी फुटते. नळी सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ थांबा, बंदूक उघडा, रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. तुमची पाळी आहे, मागे चौघं खोळंबलेत, तरीही. वॅड अडकली असेल तर काठीने काढा आणि त्या मापाची उरलेली सगळी काडतुसं बाजूला ठेवा. त्यातलं एकही तोलून, तपासून कारण सापडेपर्यंत झाडू नका.