कुत्र्याला घेऊन वॉटरपार्कला निघालात? या चुका टाळा

आमची वाडी अलिबाग-रेवदंडा रस्त्यापासून थोडी आत आहे. गेली आठ-नऊ वर्षं ओळखीपाळखीचे लोक पिकनिकला आले की त्यांची कुत्री दिवसभर माझ्याकडे ठेवून जातात. धंदा नाही हा, घरात आधीच तीन आहेत त्यात चौथं. पण त्यामुळे झालंय काय की दर मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच त्याच चुका बघते, माणसं बदलतात, कुत्र्यांच्या जाती बदलतात, चुका त्याच. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय, पुढच्या वेळी कुणी फोन केला की हेच पाठवीन.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "गेटवर बघू काय ते". आपल्याकडच्या बहुतेक थीम पार्कात आणि वॉटरपार्कात पाळीव प्राण्यांना आत सोडत नाहीत, आणि मला विचाराल तर नियम बरोबर आहे. शेकडो माणसं एकाच पाण्यात उतरतात, पोरं पळत असतात, स्पीकर दणाणत असतात, त्यात कुत्र्याला सुख कसलं? माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, म्हणजे राइडच्या मशीनची जी किरकिर आपल्याला जाणवतही नाही ती त्याच्या कानात जात असते. आजकाल लोक परदेशातले व्हिडिओ बघून येतात. अमेरिकेत टेनेसीमध्ये डॉलीवूड म्हणून पार्क आहे, तिथे गेटबाहेर दिवसभर कुत्री ठेवायची सोय आहे, डॉगीवूड नावाची. पण तीही पार्कच्या बाहेरच आहे आणि लसीकरणाचे कागद दाखवावे लागतात, हे व्हिडिओत कुणी नीट बघत नाही. तिथे आत जातो तो सर्व्हिस डॉग, म्हणजे अंध किंवा आजारी माणसाला मदत करायचं रीतसर ट्रेनिंग दिलेला. ऑनलाइन तीनशे रुपयांचं लाल जॅकेट घेऊन आपल्या लॅब्रॅडॉरला घालणं आणि गेटवर "सर्व्हिस डॉग आहे" म्हणणं, असं करणारे मी दोघं पाहिलेत आणि मला त्याचा खरंच राग येतो. ज्याला खरंच असं कुत्रं लागतं त्याच्यावर उद्या कोण विश्वास ठेवणार?

तर गेटवर नाही म्हटल्यावर पुढे काय होतं ते सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. भाचरांना घेऊन एका वॉटरपार्कला गेले होते, नाव सांगत नाही कारण चूक पार्कची नव्हतीच. सकाळी साडेदहाला आमच्या शेजारी पुण्याची गाडी लागली, आईवडील, दोन मुलं आणि एक पग. वॉचमनने सांगितलं आत चालणार नाही. मग "अहो दादा एवढासा तर आहे, कडेवरच ठेवतो" वगैरे झालं, पण तो तरी काय करणार. तिकिटं आधीच काढलेली, पैसे परत मिळणार नव्हते, मुलं रडकुंडीला आलेली. शेवटी त्यांनी गाडी झाडाखाली घेतली, चारही काचा दोन-दोन बोटं खाली केल्या, वाटीत पाणी ठेवलं आणि निघाले. मी म्हटलं, "ठेवू नका हो, फार तापतं." त्या बाई म्हणाल्या, "ताई, सावली आहे, आणि तासातासाने येऊन बघणार आहोत." मी पुढे बोलले नाही. बोलायला हवं होतं, ते मला आजही लागून राहिलंय.

सावली सरकते. बाराच्या सुमारास भाचीचा टॉवेल घ्यायला मी बाहेर आले तेव्हा त्या गाडीवर लख्ख ऊन होतं. पग सीटखाली आडवा पडलेला, तोंडातून तारेसारखी चिकट लाळ, जीभ जांभळट. काचेवर आतून फोन नंबर लावलेला होता, तो मी लावला, रिंग वाजत राहिली. वाजणारच, कारण वॉटरपार्कमध्ये फोन लॉकरमध्ये असतो! हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. वॉचमनने गाडीचा नंबर तीनदा पुकारायला लावला, पण वेव्ह पूलपाशी गाणी एवढी मोठ्याने की कुणाला ऐकू जाणार. वीस मिनिटं गेली आणि मग त्याच वॉचमनने मागची छोटी काच दगडाने फोडली. आम्ही पगला झाडांच्या पाइपखाली धरलं, आईवडील सापडले तेव्हा ती बाई ओल्या कपड्यांनी धावत आली. डॉक्टरांकडे पोचेपर्यंतही ताप १०७ होता. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५. चौथ्या दिवशी किडन्या बंद पडून तो गेला. त्यांच्या धाकट्या मुलाने त्याला पिल्लू असल्यापासून मांडीवर वाढवलं होतं.

म्हणून कुणी मला "फक्त अर्धा तास" म्हटलं की मी ऐकून घेत नाही. बाहेर ३० अंश असेल तर बंद गाडीत दहा मिनिटांत ४० च्या आसपास जातं आणि पुढे चढतच राहतं, काच दोन बोटं खाली केल्याने जवळपास काहीच फरक पडत नाही. एसी चालू ठेवून जाणाऱ्यांनाही तेच सांगते, इंजिन बंद पडलं तर आतल्या कुत्र्याने काय करायचं? अर्धा तास नाही, पाच मिनिटंही नाही.

यात कोकणाची हवा आणखी घात करते. पुण्याची माणसं म्हणतात, आमच्याकडे तर ४० अंश असतं, इथे ३३ च आहे आणि वारापण सुटलाय. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून, जिभेवरचं आणि घशातलं पाणी उडवून गार होतं. हवेतच एवढा दमटपणा असेल तर ते पाणी उडणार कुठे? आपले कपडे वाळत नाहीत ना मे महिन्यात, तसंच आहे ते. पग, बुलडॉग, शित्झू असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर आधीच श्वास पुरत नाही. असं कुत्रं असेल तर मे महिन्यात इकडे आणूच नका, हे माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तरी चालेल.

आणि ऊन लागलंच तर आधी गार करा, मग गाडीत घाला. साधं गार पाणी सगळ्या अंगावर, पोटाला, मांड्यांच्या आत, पायांना, आणि पुठ्ठ्याने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो उलट उष्णता आत धरून ठेवतो. शुद्धीत असेल तर स्वतःहून पिऊ द्या, तोंडात पाणी ओतू नका, फुफ्फुसात जातं. मग एसी फुल करून डॉक्टर, आणि वाटेतूनच फोन. थोडं उठून बसलं म्हणून "झालं बरं" असं समजू नका, आतलं नुकसान नंतर दिसतं. माझ्या गाडीत पाच लिटरचे दोन कॅन, थर्मामीटर आणि जास्तीचा पट्टा कायम असतो, पार्कला जायचं असो नाहीतर पेणच्या बाजारात.

दुसरी चूक माझ्याच दारात होते. नऊ वाजता गाडी येते, कुत्रं उतरवतात, "शहाणा आहे हो, कुठेही राहतो" म्हणतात आणि सुसाट पार्कला. ते कुत्रं आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी घरात, माझी तीन भुंकतायत, माडावरनं झावळी धप्पकन पडली तरी ते दचकतंय. मागच्या दिवाळीत असाच एक बीगल आला. तासाभरात नायलॉनचा पट्टा कुरतडून फाटकाखालच्या फटीतून पसार. आम्ही चार जण, शेजारचा मुलगा बाइकवर, आगरांतून, बंदरावरून शोधत फिरलो. गळ्यातल्या बिल्ल्यावर मालकाचा नंबर होता आणि मालकाचा फोन कुठे? लॉकरमध्ये. संध्याकाळी पाचला एका कोळीणबाईने त्याला ओळखलं, सुकत घातलेल्या बोंबलांपाशी बसला होता. तिचे निम्मे बोंबील गेले, ते पैसे मी मालकांकडून भरून घेतले.

त्या दिवसापासून माझा नियम आहे, आदल्या संध्याकाळी आणा, दोन तास तुम्ही स्वतः पडवीत बसा, चहा घ्या, कुत्र्याला वास घेत फिरू द्या, रात्री इथेच झोपवा आणि मग सकाळी जा. लोकांना हे फार वाटतं. "एवढा वेळ नाहीये ताई" म्हणतात. ज्याला एक संध्याकाळ देता येत नाही त्याने कुत्र्याला घरी आजीकडे ठेवावं, ते तिथे जास्त सुखात असतं. आणि बिल्ल्यावर दोन नंबर हवेत, त्यातला एक त्या दिवशी घरी असणाऱ्या माणसाचा.

बाकीच्या चुका पटापट सांगते.

निघताना पोटभर खाऊ घालणं. ताम्हिणी किंवा वरंध उतरताना सगळं सीटवर येतं. निघायच्या तीन-चार तास आधी थोडंसं द्या, बाकी पोचल्यावर.

रेल्वेत "बघू टीसीशी बोलून" म्हणत चढणं. कुत्रं तुमच्यासोबत न्यायचं तर फर्स्ट क्लासचा आख्खा कूपे किंवा केबिन लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. स्लीपर आणि थ्री टायरमध्ये चालत नाही. ती पेटी मी माझ्या कुत्र्यासाठी कधीच घेणार नाही.

लसी बाकी असताना आणणं. रेबीज तर हवीच, पण पावसाळ्यात नि नंतरही इकडे लेप्टो असतो, डबक्यातलं पाणी पिऊन होतो, ती लस झालीय का ते कार्डवर वाचून बघा. गोचिडांचं औषध निघायच्या आधी, गवतात फिरून आल्यावर नाही.

पार्क नाही तर बीचवर वॉटर स्पोर्ट्स करू, असं म्हणून कुत्र्याला बनाना बोटीवर बसवणं. नागाव, काशीद, तारकर्ली, सगळीकडे हे दिसायला लागलंय, फोटोसाठी. बनाना बोट मुद्दाम उलटवतात, त्यातच तर मजा असते, आणि कुत्र्याला ते कोण सांगणार? "कुत्र्याला पोहता येतंच" हेही खरं नाही, पग आणि बुलडॉग डोकं वर धरून फार वेळ तरंगू शकत नाहीत. पाण्याशी खेळायचंच असेल तर लांब दोरी, गुडघाभर पाणी, आणि गोडं पाणी दर थोड्या वेळाने पाजत राहा, नाहीतर ते समुद्राचं पितं आणि मग उलट्या-जुलाब.

दुपारी वाळूत उतरवणं. हाताची पालथी बाजू वाळूवर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सहन झाली नाही तर त्यालाही होणार नाही. जांभ्याच्या कातळाचंही तेच. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली असेल तिथे फेकलेले मासे, गळ, जाळ्याचे तुकडे असतात, आणि पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे जेलीफिश वाहून येतात, ते मेलेले असले तरी डंख बसतो. पट्टा हातातून सोडू नका. बीचवरच्या कुत्र्यांचे ठरलेले भाग असतात, ती हद्द तुमच्या कुत्र्याला माहीत नसते.

आणि शी उचला. पिशवी आणा, उचला, घरी न्या, ज्या वाळूत तुम्ही चार तास असता तिथे कोळ्यांची पोरं रोज खेळतात.

आता मला फोन आला की मी कुत्र्याची जात, वय काही विचारायच्या आधी एकच विचारते, उद्या तुमच्यापैकी पाण्यात कोण उतरणार नाहीये? आमच्याकडे हे काम भाऊजी घेतात, ते गेटबाहेर सावलीत पेपर वाचत बसतात आणि दुपारी बहीण बाहेर येऊन त्यांना आत पाठवते. असा एक माणूस ठरला असेल तर त्याचा नंबर मी लिहून घेते आणि कुत्रं ठेवून घेते. "सगळेच उतरणार" म्हणाले तर मी नाही म्हणते, मग समोर सख्खा नातेवाईक असला तरी.