किनसोल ट्रेसल: लाकडी रेल्वेपूल सावकाश पाहण्यासाठी

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर, शॉनिगन लेक गावाजवळ, कोकसायला नदीच्या दरीवर किनसोल ट्रेसल हा लाकडी रेल्वेपूल उभा आहे. सुमारे ४४ मीटर उंच आणि १८७ मीटर लांब असलेल्या या पुलावरून आता काउइचन व्हॅली ट्रेल ही पायी चालणाऱ्यांची आणि सायकलस्वारांची वाट जाते. बहुतेक पर्यटक पुलावरून पलीकडे जाऊन छायाचित्रे काढतात आणि परत फिरतात. पण वरून दिसते ती केवळ फळ्यांची वाट, आणि पुलाचे खरे वैभव तिच्याखाली आहे. म्हणून किमान दोन तास हाताशी ठेवावेत.

बेटावरील व्हिक्टोरिया शहराहून मोटारीने साधारण तासाभरात पोहोचता येते. मुख्य भूमीवरील व्हँकुव्हर शहराकडून येणाऱ्यांनी त्सवासन ते स्वार्ट्झ बे ही फेरीबोट घ्यावी आणि उन्हाळ्यातील सुट्टीच्या दिवशी गाडीसाठी जागा आधीच राखून ठेवावी. ग्लेन ईगल्स रस्त्यालगतच्या वाहनतळापासून पूल सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. आगगाडीला तीव्र चढ चालत नसल्याने जुन्या लोहमार्गाची ही वाट जवळजवळ सपाट आहे, आणि त्यामुळे उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेल्या वयस्कर आईवडिलांनाही ती सहज झेपते. वाट खडीची असल्याने रुंद टायरची सायकल बरी. पुलावर वेग कमी करावा आणि पादचाऱ्यांना घंटी वाजवून सूचना द्यावी. पावसात लाकूड निसरडे होते.

पूल ओलांडल्यावर पायवाटेने खाली उतरावे. ही वाट चढउताराची आहे, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वरच्या सज्जांवरूनच दरी पाहावी. खाली उभे राहून वर पाहिले की उभे खांब, आडव्या तुळया आणि त्यांना बांधून ठेवणारे तिरपे आधार यांची मांडणी उलगडू लागते. आगगाडीचे वजन खांबांच्या एकेका चौकटीतून पायापर्यंत उतरते आणि तिरपे आधार ती चौकट बाजूला कलू देत नाहीत, हे कोणत्याही आकृतीपेक्षा येथे स्पष्ट समजते. पूल सरळ नसून वळणावर आहे, हेही इथूनच नीट जाणवते. भोवतालच्या जंगलात डग्लस फरचे उंच, भक्कम लाकूड मुबलक असल्यामुळे अशा दरीसाठी लाकडी पूल हाच व्यवहार्य पर्याय होता.

बांधकाम १९११ मध्ये सुरू झाले, पहिल्या महायुद्धामुळे रखडले आणि १९२० मध्ये पूर्ण झाले. जवळच्या किंग सॉलोमन खाणीच्या नावावरून पुलाला किनसोल हे नाव मिळाले, तरी त्यावरून मुख्यतः ओंडक्यांची वाहतूक होत असे. शेवटची गाडी १९७९ मध्ये गेली. त्यानंतर पूल कुजत गेला आणि तो पाडण्याचाही विचार झाला. परंतु स्थानिक रहिवाशांनी जतनाचा आग्रह सोडला नाही. निकामी लाकडे बदलून २०११ मध्ये तो पुन्हा खुला झाला. पाडून नवा पूल बांधला असता तर रुंद वाट मिळाली असती, ही रचना मात्र कायमची गेली असती.

मे ते सप्टेंबर हा काळ सर्वांत सोयीचा, कारण हिवाळ्यात येथे संततधार पाऊस असतो. परिसरात अस्वलांचा वावर असल्याने खाद्यपदार्थ उघडे ठेवू नयेत आणि कचरा परत न्यावा. खांबांवर चढू नये. कोरड्या उन्हाळ्यात धूम्रपान किंवा कोणतीही ज्योत पूर्णपणे टाळावी, कारण शंभर वर्षांच्या लाकडाला एक ठिणगी पुरते.