आधी ग्रिलची किल्ली शोधा, मग बाकीचं

आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनीला बॉक्स ग्रिल, चोरांच्या भीतीने बसवलेलं, त्याला एक छोटं दार आणि त्या दाराला कुलूप. दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो, १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीत जो मोठा स्फोट झाला त्यात गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांच्या आठवणीत, तर मागच्या वर्षी त्या आठवड्यात आम्ही ठरवलं की आग लागली असं समजून रात्री सगळे लाइट घालवून घराबाहेर पडता येतं का ते बघूया. मेन दाराची किल्ली पर्समध्ये, पर्स कपाटात. आणि ग्रिलची किल्ली कुठाय ते कुणालाच आठवेना, शेवटी ती शिवणाच्या डब्यात बटणांखाली सापडली आणि कुलूप एवढं गंजलेलं की फिरेचना. सासूबाई काळोखात भिंत धरून उभ्या होत्या, चष्मा सापडत नव्हता त्यांचा. माझ्या पोटात अक्षरशः गोळा आला.

म्हणून सगळ्यात आधी हेच करा. ग्रिलला उघडणारं दार नसेल तर वेल्डरला बोलावून करून घ्या, किल्ली तिथेच शेजारी खिळ्याला अडकवा, लहान मुलाचा हात पोचणार नाही पण मोठ्यांचा अंधारातही पोचेल अशी, आणि कुलपात दोन-तीन महिन्यांनी तेलाचे थेंब सोडा. मेन दार रात्री आतून किल्लीने लॉक करत असाल तर तीही किल्ली दाराजवळच ठेवा. दारासमोरचा पॅसेज मोकळा पाहिजे, फ्लॅटला बाहेर पडायला एकच वाट असते आणि आपण तिथेच चपलांचं कपाट, सायकल आणि रात्रभर चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी ठेवतो. ती बॅटरीच पेटली तर बाहेर कुठून पडणार? चार्जिंग जागेपणी करा, कंपनीच्याच चार्जरने, आणि दारापासून लांब.

आता किचन. शेगडीची नारंगी नळी हातात घेऊन उलटी करा, तिच्यावर महिना-वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की बदलायची, वरून कितीही छान दिसत असली तरी. वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर आजच बदला. सिलेंडर घेताना दोन गोष्टी बघा. वरच्या कड्याला जोडलेल्या पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूला ए-२७, सी-२८ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि आकडा वर्षाचा. ती त्या सिलेंडरच्या पुढच्या टेस्टची तारीख असते, उलटून गेली असेल तर घेऊ नका. दुसरं म्हणजे टोपी काढून आतली काळी रबरी रिंग जागेवर आहे का बघायला लावा, डिलिव्हरीवाले दादा घाईत असले तरी. रेग्युलेटर बसवल्यावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले म्हणजे गळती. काडी पेटवून बघायचं नाही, कधीच नाही, अजूनही काही जण तसं बघतात म्हणून मुद्दाम सांगतेय.

गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, चालू असेल ते चालू राहू द्या, बंद असेल ते बंद, एक्झॉस्ट फॅनसुद्धा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो, म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार आणि बाल्कनीचं दार सताड उघडा. रेग्युलेटर बंद करून काढा, टोपी घट्ट बसवा, सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन बाहेर जाऊनच करा, १९०६ हा गॅस गळतीचा नंबर आहे. पाइपचा गॅस असेल तर उलटं, तो हलका, वर छताकडे जातो, तिथे वरच्या खिडक्याही उघडायच्या आणि पाइपवरची चावी बंद करायची.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही. पाणी तळाला जाऊन एका क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करा, मोठं झाकण किंवा ताट बाजूने सरकवत वर ठेवा आणि कढई पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. कढई उचलून बेसिनकडे पळायचं तर अजिबात नाही.

विजेचं थोडक्यात सांगते. २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, साधा एक्सटेन्शन बोर्ड ६ अँपिअरचा. गीझर, इस्त्री, हीटर, एसी यांना मोठा सॉकेटच हवा. एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली गेली की आपोआप बंद पडणारा स्विच, सारखा पडत असेल तर मोठा बसवू नका, तो का पडतोय ते बघा. प्लग गरम लागतोय, स्विचभोवती तपकिरी डाग पडलाय, जळका वास येतोय, असं काही दिसलं की त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन.

देवघराकडे माझं जास्त लक्ष असतं. आईकडे एकदा उंदराने तेलाने भिजलेली पेटती वात निरांजनातून ओढून नेली होती, सकाळी पडद्याच्या खालच्या काठाला वीतभर काळा डाग दिसला, तेवढ्यावरच निभावलं. झोपायच्या आधी दिवा शांत करा, अखंड दिवा ठेवायचाच असेल तर काचेचा आणि खाली पाण्याची परात.

अग्निशामक घ्या, एबीसी पावडरचा, आयएसआय मार्कवाला, आणि किचनच्या आत नाही, दाराजवळ टांगा. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाकडे धरायची, दांडा दाबून डावी-उजवीकडे फिरवायची. छोटा सिलेंडर दहाएक सेकंदांतच संपतो, तेवढ्यात विझलं नाही तर सोडून निघा, मागे दार ओढून घ्या, त्याने आग आणि धूर दोन्ही अडतात. १०१ किंवा ११२ बाहेरून लावा.

घरात कोण कुणाला घेऊन निघणार ते आधीच ठरवा. आमच्याकडे सासूबाईंना माझा नवरा, लेकीला मी, आणि भेटायची जागा सोसायटीच्या गेटबाहेरचं पिंपळाचं झाड. मुलं घाबरून पलंगाखाली लपतात, त्यांना शांतपणे सांगून ठेवा की लपायचं नाही. धूर असेल तर रांगत जायचं, खाली हवा बरी असते. बंद दाराला हाताची मागची बाजू लावून बघा, तापलं असेल तर उघडू नका, ओले टॉवेल फटीत कोंबा आणि खिडकीतून कपडा हलवा. लिफ्ट नाही. कागदपत्रांसाठी परत आत जायचं नाही, त्यांच्या कॉपी डिजिलॉकरमध्ये ठेवा.

भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं, वाहतं साधं पाणी, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. बांगड्या, अंगठी आधी काढा, सूज चढली की निघत नाहीत.