उंच खिडक्यांसाठी हलका आणि सुरक्षित दांडा कसा निवडावा

उंच खिडक्यांच्या काचा जमिनीवरून पुसण्यासाठी एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा लांब दांडा मिळतो. दुकानात जाऊन तो हातात घेण्याआधी घरातली सर्वांत उंच खिडकी मोजून घ्यावी, कारण गरजेपेक्षा लांब दांडा घेणे ही या खरेदीतली सर्वांत मोठी चूक आहे. तळमजला आणि त्यावर एक मजला असलेल्या साध्या बंगल्याचे उदाहरण घेऊ. जोते ४५ सेंटिमीटर, मजल्याची उंची ३ मीटर आणि वरच्या खिडकीची वरची कड त्या मजल्याच्या फरशीपासून २.१ मीटरवर धरली, तर अंगणातून ती कड सुमारे साडेपाच मीटर उंचीवर येते. दांड्याचे खालचे टोक आपण जमिनीपासून सुमारे १.१ मीटरवर धरतो आणि भिंतीपासून दीड मीटर मागे उभे राहतो. या हिशेबाने दांड्याची लांबी पावणेपाच मीटर लागते. सरकत्या दांड्याच्या नळ्या शेवटच्या इंचापर्यंत ताणायच्या नसतात, म्हणून पाव मीटर राखून ५ मीटरचा, म्हणजे सुमारे साडेसोळा फुटांचा दांडा पुरतो. वेष्टनावर छापलेला आकडा दांड्याच्या लांबीचा आहे की माणसाची उंची धरून काढलेल्या पोहोचेचा, हे मात्र विचारून घ्यावे, कारण दोन्ही प्रकारचे आकडे सर्रास छापलेले आढळतात.

वजनाच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते. बंद दांडा हातात घेऊन ‘किती हलका आहे’ असे आपण म्हणतो, पण हाताला त्रास देते ते टोकावरचे वजन. पाणी प्यायलेला मायक्रोफायबरचा पुसा आणि त्याची पट्टी मिळून अर्धा किलो भरली आणि ती ४ मीटर लांब दांड्याच्या टोकाशी आहे असे समजा. दोन हातांमध्ये ८० सेंटिमीटर अंतर ठेवून असा दांडा आडवा धरला, तर केवळ त्या अर्ध्या किलोसाठी खालच्या हाताला २ किलोचा दाब द्यावा लागतो आणि वरच्या हातावर अडीच किलोचा भार येतो. दांड्याचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही. दांडा उभा होत जातो तसा हा भार कमी होतो, म्हणून खरी कसोटी तो उचलताना आणि खाली घेताना लागते. त्यामुळे दांड्याच्या वजनाइतकेच लक्ष पुश्याच्या वजनाकडे द्यावे आणि पुसा नीट पिळून घ्यावा. माझ्या अनुभवात, चांगल्या पिळलेल्या लहान पुश्याने साधा दांडाही महागड्या दांड्याइतका सोपा जातो.

आता नळी कशाची असावी, ते पाहू. अ‍ॅल्युमिनिअम हलके, ताठ आणि परवडणारे असते, परंतु ते विजेचे उत्तम वाहक आहे. कार्बन फायबर त्याहून हलके आणि अधिक ताठ असते, मात्र त्याची किंमत बरीच जास्त असते आणि तेही वीज वाहून नेते, हे अनेकांना ठाऊक नसते. फायबरग्लास कोरडे आणि स्वच्छ असताना वीज रोखते. पण त्याच्या नळ्या जाड भिंतीच्या कराव्या लागत असल्यामुळे तयार दांडा बहुधा अ‍ॅल्युमिनिअमपेक्षा जड होतो आणि अधिक वाकतो. काही दांड्यांत फक्त बाहेरची नळी फायबरग्लासची आणि आतल्या नळ्या अ‍ॅल्युमिनिअमच्या असतात, तेव्हा प्रत्येक नळी बाहेर ओढून पाहावी.

घराजवळून विजेच्या उघड्या तारा जात असतील तर या निवडीला वेगळेच गांभीर्य येते. आपल्याकडील विद्युत सुरक्षा नियमांनुसार ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेचे इमारतीपासूनचे आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे लागते. म्हणजे तार पूर्णपणे नियमात असूनही ५ मीटरचा दांडा तिच्यापर्यंत सहज पोहोचू शकतो. शिवाय दांडा हातातून निसटला तर तो कोणत्याही दिशेला पडू शकतो. म्हणून आपण उभे आहोत तिथून चारही बाजूंना दांड्याच्या पूर्ण लांबीइतका घेर नजरेने मोजावा, आणि त्यात किंवा त्याच्यापुढे ३ मीटरच्या आत उघडी तार येत असेल, तर तिथे कोणत्याही साहित्याचा दांडा उचलू नये. फायबरग्लासच्या दांड्यावरून साबणाचे पाणी ओघळू लागले की त्याच्या रोधकपणावर विसंबता येत नाही. अशी खिडकी शक्य असेल तर आतूनच पुसावी.

सांधे घट्ट करण्याच्या दोन रीती मुख्यतः बाजारात दिसतात: नळी पिळून आतून आवळायची, किंवा बाहेर बसवलेली चाप दाबायची. पिळायची रीत सुटसुटीत आणि हलकी असते. पण पाणी आणि माती आत गेली की तिची पकड सुटते, आणि ती सुटत चालली आहे हे बाहेरून कळत नाही. आमच्या घरच्या पहिल्या दांड्याची वरची नळी अशीच एके सकाळी भरकन खाली घसरली आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली कातडी चिमटून रक्त साकळले. तेव्हापासून मी चापेचाच दांडा घेण्याचा सल्ला देतो. चाप मिटताना ‘टक्’ असा आवाज येतो, ती उघडी असेल तर खालूनही दिसते, आणि सैल झाली तर तिचा स्क्रू आवळता येतो. चाप धातूची नसली तरी चालेल, पण तिचे तोंड नळीला सगळीकडून सारखे बिलगले पाहिजे.

दुकानात पुढची परीक्षा लाज न बाळगता करावी. आधी नळ्या थोड्या थोड्याच बाहेर काढून चापा लावाव्यात, बूड जमिनीवर टेकवून तो उभा धरावा आणि वरच्या नळीला दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकावा. नळी केसभरही घसरली तर तो दांडा घेऊ नये. मग दांडा पूर्ण उघडून टोकाला पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली बांधावी, तो उचलावा आणि भिंतीकडे कलता धरून दोन मिनिटे हळूहळू खालीवर करावा. टोक मासेमारीच्या गळासारखे झुलत राहिले, तर काचेवर ते हवे तिथे टेकणार नाही. नळी जागच्या जागी गोल फिरते का, हेही पाहावे. फिरत असेल तर पुसा तिरपा होतो आणि रबराची कड काचेवरून उचलली जाते.

टोकाचे आटेही तपासावेत. एका कंपनीचे आटे दुसऱ्या कंपनीच्या वायपरला बसतीलच असे नाही, म्हणून आपला वायपर सोबत न्यावा. प्लास्टिकचे आटे लवकर झिजतात. काच उभी आणि दांडा तिरपा असल्यामुळे पुश्याच्या मुळाशी कोन बदलता येणारा सांधा असणे आवश्यक आहे, आणि तो कोन स्क्रूने पक्का करता आला पाहिजे. पुसा निसटला तरी खाली येऊ नये म्हणून तो जाड सुतळीने दांड्याला बांधून ठेवावा.

सदनिकेच्या वरच्या मजल्यावरून खिडकीबाहेर वाकून दांडा चालवणे, किंवा शिडीवर चढून तो हातात घेणे, हे दोन्ही प्रकार पूर्णपणे टाळावेत. बाहेरून पुसण्याचे ते काम दोर आणि पट्टे वापरणाऱ्या प्रशिक्षित माणसांकडे द्यावे.

वापरताना पूर्ण लांबी लागत नसेल तर टोकाची बारीक नळी आत ठेवून बुडाकडच्या जाड नळ्या उघडाव्यात, म्हणजे दांडा कमी वाकतो. पुश्याखाली वीतभर अंतरावर जुना हातरुमाल गुंडाळून बांधला, की ओघळणारे पाणी कोपरापर्यंत येत नाही आणि चापांतही शिरत नाही. काम संपल्यावर सर्व नळ्या बाहेर काढून साध्या पाण्याने धुवाव्यात आणि सावलीत कोरड्या कराव्यात. समुद्राजवळच्या गावांत हे दर वेळी करावे, नाहीतर खारट हवेने अ‍ॅल्युमिनिअमवर पांढरी पूड धरते आणि नळ्या एकमेकींत अडकतात. फायबरग्लासचा दांडा उन्हात ठेवून त्याचे बारीक तंतू वर आले असतील, तर हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये.