घरचा वायफाय राउटर मोबाइलवरून कसा बसवावा

नाशिकमध्ये नवं फायबर कनेक्शन घेतलं की कंपनीचा नाहीतर भागातल्या केबलवाल्याचा माणूस येतो. तार ओढतो, डबी भिंतीला ठोकतो, वायफायला तुमचं आडनाव देतो, पासवर्ड म्हणून तुमचाच मोबाइल नंबर टाकतो आणि जातो. नेट सुरू झालेलं असतं, त्यामुळे पुढे कोणी त्या डबीकडे बघत नाही. अडचण येते ती राउटर बिघडल्यावर, किंवा इंदिरानगरचं घर सोडून पाथर्डी फाट्याला राहायला गेल्यावर. मग तो माणूस कधी येतो याची सगळं घर वाट बघतं. मुलांचा अभ्यास अडतो, घरून काम करणाऱ्याची रजा जाते.

हे काम साध्या स्मार्टफोनवरून अर्ध्या तासात होतं. कॉम्प्युटर लागत नाही. आणि ते घरातल्याच कोणीतरी करावं, असं माझं ठाम मत आहे. राउटरचा पासवर्ड ही घराची किल्ली आहे, ती घरच्यांकडेच असावी.

आधी एक फोन करून घ्या

राउटर खोक्यातून काढण्याआधी इंटरनेट देणाऱ्याला फोन लावा. बहुतेकांचं घोडं अडतं ते इथली माहिती हाताशी नसल्यामुळे.

पहिलं विचारायचं ते हे, की आपलं कनेक्शन पीपीपीओई पद्धतीचं आहे की डायनॅमिक आयपीचं. डायनॅमिक असेल तर राउटरमध्ये वेगळं काही भरावं लागत नाही. पीपीपीओई असेल तर एक युजरनेम आणि एक पासवर्ड लागतो. हा पासवर्ड वायफायचा नव्हे आणि बिल भरायच्या अॅपचाही नव्हे. तो तोंडी ऐकून लिहू नका, मेसेजवर मागवा; लहान-मोठ्या अक्षराचा फरक पडला तरी नेट लागत नाही. व्हीलॅन आयडी (काही कंपन्या राउटरमध्ये भरायला देतात तो एक क्रमांक) लागतो का, तेही त्याच फोनवर विचारून टाका.

दुसरं म्हणजे मॅक बाइंडिंग. प्रत्येक राउटरला स्वतःचा एक क्रमांक असतो, त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. काही ठिकाणी जुन्या राउटरचा मॅक अॅड्रेस नोंदवून ठेवलेला असतो आणि दुसरा राउटर लावला की सगळं बरोबर भरूनही नेट येत नाही. अशा वेळी नव्या राउटरच्या तळावरचा क्रमांक त्यांना वाचून दाखवायचा, ते नोंद बदलून देतात.

तिसरा प्रश्न, त्यांनी लावलेल्या फायबरच्या डबीतच वायफाय आहे का. मोठ्या कंपन्यांच्या डबीत बहुधा असतं. तिथे नवा राउटर घ्यायची गरजच नसते, पासवर्ड वगैरे त्याच डबीत बदलता येतात. रेंज पुरत नाही म्हणून स्वतःचा राउटर जोडायचा असेल, तर तो 'अॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये ठेवा, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवतो. नाहीतर एकामागे एक दोन राउटर नेट वाटायचं तेच काम करत बसतात आणि गेम, कॅमेरे, व्हिडिओ कॉल यांत विनाकारण अडथळे येतात.

तारा आणि दिवे

राउटर उलटा करून तळावरच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा. वायफायचं सुरुवातीचं नाव, पासवर्ड, सेटिंगचा पत्ता आणि मॅक अॅड्रेस सगळं तिथे छापलेलं असतं. एकदा राउटर भिंतीवर चढला की ते बारीक अक्षर वाचणं फार जिवावर येतं.

फायबरची बारीक तार डबीला लागलेली असते. तिला शक्यतो हात लावू नका. आत काच असते, ती घट्ट वाकवली की सिग्नल जातो. निघालीच तर तिच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही, त्यातून लेसरचा न दिसणारा प्रकाश येत असतो. डबीच्या 'लॅन' खाचेतून एक लॅन केबल काढून ती राउटरच्या 'वॅन' खाचेत लावायची. वॅनची खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाची किंवा थोडी बाजूला असते. केबल चुकून राउटरच्या लॅन खाचेत गेली तर वायफाय दिसतं, पण नेट येत नाही. हा घोळ फार घरांत होतो, म्हणून पुढे जाण्याआधी एकदा बघून घ्या.

आता डबीवरचे दिवे बघा. 'पॉन' हिरवा आणि स्थिर हवा. 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाहीये. रस्त्याचं खोदकाम निघालं की कुठेतरी तार तुटते आणि हा दिवा लाल होतो. अशा वेळी मोबाइलवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. तक्रार नोंदवा आणि राउटरला हात लावू नका.

मोबाइलवरची मुख्य कामं

राउटर बनवणाऱ्या कंपनीचं अॅप मोबाइल डेटावर आधीच डाउनलोड करून ठेवा. टीपी-लिंकचं अॅप 'टेदर' या नावाने मिळतं. दुसऱ्या कंपनीच्या अॅपचं नाव खोक्यावर असतं. मग राउटर चालू करून दोन मिनिटं थांबा आणि मोबाइलच्या वायफाय यादीतून स्टिकरवरचं नाव निवडा.

इथे एक गोष्ट केलीच पाहिजे. मोबाइल डेटा बंद करा. व्हीपीएन असेल तर तेही बंद करा. राउटरला अजून नेट मिळालेलं नसतं, त्यामुळे मोबाइल 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही' असं सांगतो आणि गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो. मग राउटर समोर असून अॅपला सापडत नाही. 'जोडलेले राहायचे का' असं विचारलं तर 'हो' म्हणा.

अॅप उघडल्यावर लोकेशनची परवानगी मागतं. अँड्रॉइडवर जवळची वायफाय नावं शोधायला ती लागते, तेव्हा काम होईपर्यंत द्या, नंतर काढून घ्या. आयफोनवर 'लोकल नेटवर्क'ची परवानगी नाकारली तर राउटर दिसणारच नाही.

अॅप नको असेल तर ब्राउझरनेही तेच काम होतं. पत्त्याच्या जागी १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाका, आकडे इंग्रजी कीबोर्डवरून. पान उघडलं नाही तर मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर जाऊन तपशील बघा. अँड्रॉइडवर 'गेटवे' आणि आयफोनवर 'राउटर' या शब्दापुढे जो आकडा असतो, तोच तुमच्या राउटरचा पत्ता.

पहिल्या पानावर राउटर अॅडमिन पासवर्ड बनवायला सांगतो. हा राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड. घरातले सगळे वापरतात तो वायफायचा पासवर्ड वेगळा. दोन्ही सारखे ठेवले तर पाहुण्याच्या मोबाइलवरूनही तुमच्या राउटरची सेटिंग बदलता येईल. काही जुन्या राउटरांत युजरनेम आणि पासवर्ड दोन्हीकडे 'अॅडमिन' हाच शब्द असतो. तो तसाच राहू देऊ नका.

पुढे कनेक्शनचा प्रकार विचारला जातो. 'ऑटो डिटेक्ट' दिसलं तरी फोनवर जे कळलं तेच निवडा. पीपीपीओई असेल तर मेसेजमधून युजरनेम आणि पासवर्ड कॉपी-पेस्ट करा, फक्त शेवटी रिकामी जागा चिकटून आलेली नाही ना ते बघा.

मग वायफायचं नाव. त्यात फ्लॅट नंबर घालू नका. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो आणि ६३ पर्यंत चालतो. मी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहायला सांगते: द्राक्ष, रिक्षा, कपाट, पाऊस, आणि मध्ये एखादा आकडा. आजीलाही लक्षात राहतो आणि शेजारच्या मुलाला ओळखता येत नाही. मोबाइल नंबर, गाडीचा नंबर, मुलांची जन्मतारीख नको. जुना राउटर बदलत असाल आणि त्याचा पासवर्ड चांगला असेल, तर नाव आणि पासवर्ड हुबेहूब तेच ठेवा. टीव्ही, कॅमेरे, सगळे मोबाइल आपोआप जोडले जातात, प्रत्येकाच्या मागे फिरावं लागत नाही.

सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. 'सेव्ह' केलं की मोबाइल एकदम तुटतो. घाबरू नका, राउटर नव्या नावाने पुन्हा सुरू होत असतो. मिनिटभराने नवं नाव यादीत दिसेल, नवा पासवर्ड टाका. नेट आलं की मोबाइल डेटा पुन्हा चालू करायला हरकत नाही.

२.४ की ५?

आजचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी लांब जाते, भिंती ओलांडते, पण हळू असते आणि गर्दीची असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असते पण भिंतीला पटकन दमते. दोन्हींना एकच नाव देऊन निवड राउटरवर सोडणं बहुतेक घरांत ठीक चालतं. मात्र स्मार्ट प्लग आणि बरेच साधे सीसीटीव्ही कॅमेरे फक्त २.४ वर जोडले जातात. ते जोडताना अडलं तर थोडा वेळ ५ ची पट्टी बंद करा.

गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या इमारतींत यादी उघडली की आजूबाजूची पुष्कळ नावं दिसतात. तिथे २.४ चं चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ही तीन चॅनेलं एकमेकांवर चढत नाहीत.

राउटर कुठे ठेवायचा

महागडा राउटर घेऊनही रेंज येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा जागेत असतं. तार जिथून घरात येते तिथेच, म्हणजे दारामागे किंवा टीव्हीच्या कपाटात, राउटर बसवला जातो. घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी तो हवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह यांच्यापासून लांब. त्यासाठी थोडी जास्त लॅन केबल विकत घ्यावी लागली तर जरूर घ्या, तो पैसा वाया जात नाही. कॅट-५ई किंवा कॅट-६ मागा.

पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे एकटा राउटर हात टेकतो. सिडको, इंदिरानगर, नाशिकरोडच्या रो-हाउसमध्ये वेगळीच गत असते: खालच्या हॉलमध्ये राउटर आणि मुलांची खोली वर, मध्ये सळ्यांनी भरलेला स्लॅब. दोन्ही ठिकाणी उपाय एकच. लॅन केबल वरपर्यंत किंवा आतल्या खोलीपर्यंत न्यायची आणि तिथे दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावायचा. भिंतीत खोचायचे रिपीटर स्वस्त असतात, पण बरेचसे रिपीटर वेग निम्म्यावर आणतात. केबल टाकणं अगदीच शक्य नसेल तरच ते घ्या. मेश संचाचा, म्हणजे मिळून एकच वायफाय पसरवणाऱ्या दोन-तीन डब्यांचा, विचारही करता येतो, पण त्याच्याही दोन डब्या केबलने जोडल्या तर फरक कळतो.

वेग तपासायचा तर आधी राउटरजवळ उभं राहून, ५ च्या पट्टीवर तपासा. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) प्लॅनमध्ये फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरते, कारण एका बाइटमध्ये आठ बिट असतात. प्लॅन २०० चा आणि वेग ९५ च्या आसपासच अडकत असेल, तर राउटरची खाच १०० एमबीपीएसची आहे किंवा केबलमधली एखादी जोडी तुटली आहे. प्लॅन वाढवून हे सुटत नाही.

राहिलेली कामं

अॅपमध्ये 'फर्मवेअर अपडेट' दाबा; फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर. तेवढा वेळ राउटर बंद होऊ देऊ नका. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडायची सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून राउटरची सेटिंग बदलायची सोय) बंद करा. पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' सुरू केलं तर त्यांना नेट मिळतं आणि तुमचे कॅमेरे, प्रिंटर त्यांच्यापासून वेगळे राहतात. अँड्रॉइड १० पासून पुढच्या मोबाइलमध्ये वायफायचा क्यूआर कोड काढता येतो. गेस्ट नेटवर्कचा कोड छापून हॉलमध्ये लावला की पासवर्ड सांगत बसावं लागत नाही.

वीज गेली तरी नेट हवं असेल तर मिनी यूपीएस घ्या. आधी राउटर आणि फायबरची डबी या दोघांच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा, उदाहरणार्थ १२ व्होल्ट, १ अँपिअर. काही राउटर ९ व्होल्टचे असतात. जास्त व्होल्टेज दिला तर जळू शकतात. यूपीएसला दोन्ही उपकरणं जोडायची आहेत, नुसता राउटर जोडून भागत नाही.

मे महिन्यात वळीव कडाडायला लागला की अडॅप्टर काढून ठेवा. फायबर काचेची असल्यामुळे तिच्यातून वीज येत नाही. पण गच्चीवरच्या स्विचपासून (केबलवाल्याच्या नेट वाटणाऱ्या डबीपासून) तांब्याची लॅन केबल थेट घरात आली असेल, तर तीही राउटरमधून उपसा.

अॅडमिन पासवर्ड, पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून लाइट बिलाच्या फाइलमध्ये ठेवा. सगळं विसरलंच तर राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात पिन घालून दहा सेकंद दाबली की तो कोरा होतो. त्यात पीपीपीओईची माहितीही पुसली जाते, म्हणून तो कागद हातात असल्याशिवाय पिन लावू नका.